आकडा एकदाच बोलायचा

माझे अब्बा बागवान आहेत. म्हणजे आमची स्वतःची बाग आहे असं नाही. तशी ती कधीच नव्हती. दुसऱ्याच्या मोसंबीच्या बागा फळ झाडावर असतानाच घ्यायच्या, मजूर लावून तोडायच्या आणि माल मार्केटला पाठवायचा, हा आमचा पिढीजात धंदा. यात वजनकाटा अगदी शेवटी येतो. त्याआधी नुसत्या डोळ्यांनी सांगावं लागतं की या बागेतून किती टन माल निघेल, आणि सगळा सौदा त्या आकड्यावर होतो. आकडा चुकला की ते वर्ष गेलंच म्हणायचं.

अब्बांची पद्धत ठरलेली. बागेला एक चक्कर मारायची. मधल्या ओळीतलं एक झाड धरून त्याची एक बाजू मोजायची, सावलीकडची बाजू त्याहून हलकी धरायची, वाळलेली झाडं वजा करायची आणि शेतकऱ्यासमोर येऊन आकडा बोलायचा. तोही एकदाच. बोलून झालं की झाडांकडे पाठ करून बसायचं आणि चहा प्यायचा. मागे वळून बघायचं नाही. वळून बघितलं की समोरच्याला कळतं, हा माणूस कच्चा आहे, याला अजून ओढता येईल. चौथी-पाचवीपर्यंत मी त्यांच्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून घनसावंगी तालुक्यातल्या कितीतरी बागा फिरले. एकदा मी आकडा सांगितला आणि मान वळवून झाडांकडे बघितलं, तर त्यांनी शेतकऱ्यासमोरच दोन बोटांनी माझी मान धरून सरळ केली. पुढे मी टाकीवर मावेनाशी झाले आणि मुलीच्या जातीनं बागेत हिंडणं बरं दिसेना, म्हणून ते बंद झालं. शिकलेलं मात्र अंगात राहिलं.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेत माझं जे झालं ते याच्याशिवाय कळणार नाही. लोकांनी आपापली कारणं काढली. इंग्रजी कच्चं असेल, खेड्यातली पोरगी, घाबरली असेल. मी अजिबात घाबरले नव्हते. थोडी घाबरले असते तर बरं झालं असतं.

मी जालन्याला बीकॉम करत होते तेव्हा कॉलेजात एकदा एका फळप्रक्रिया कंपनीच्या बाई आल्या होत्या. त्या खरेदी विभागाच्या प्रमुख होत्या. कुठल्या भागात यंदा किती माल निघेल याचा अंदाज काढायचा आणि त्याप्रमाणे खरेदी ठरवायची, हे त्यांचं काम. म्हणजे अब्बांचंच काम, पण त्यांच्या हाताखाली दहा माणसं होती, त्यांना महिन्याचा पगार होता आणि टेबलावर त्यांच्या नावाची पाटी होती. भाषण संपल्यावर मी त्यांना गाठून विचारलं, हे कसं जमवायचं? त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "चांगल्या कॉलेजातून एमबीए कर." त्या स्वतः जिथे शिकल्या त्या कॉलेजचं नाव मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. ते पुण्यात होतं.

बीकॉम संपवून कुंभार पिंपळगावला घरी आले आणि अब्बांपुढे विषय काढला. घरात आम्ही उर्दू बोलतो. पण सौद्याचं बोलणं निघालं की अब्बा घरातसुद्धा मराठीवर येतात, कारण त्यांचे सगळे सौदे मराठीत होतात. मी पुणं, परीक्षा, कॉलेज असं सगळं उर्दूत सांगत होते आणि त्यांनी मधेच मराठीत विचारलं,

"किती बारी देनार ही परीक्षा?"

मला कळलं की आता हा सौदा आहे. मीही मराठीत म्हणाले, "एकदाच."

"न्हाई जमलं तर?"

"न्हाई जमलं तर परत नाव काढनार न्हाई."

त्यांनी हात पुढे केला. मी त्यांच्या तळहातावर हात मारला. अम्मी तव्यावरची रोटी विसरून आमच्याकडे बघत राहिली. आजवर अब्बांनी फक्त पुरुषांच्या हातावर हात मारलेला मी बघितला होता, त्यामुळे मी दिवसभर हवेत होते. काय मूर्ख पोरगी. "तीन बारी" म्हणाले असते तर ते दोनवर आले असते, हे त्यांच्याच मुलीला सुचू नये? जिथे घासाघीस करायची तिथे मी ऐट केली.

दर रविवारी मी बसनं जालन्याला क्लासला जायची. नव्या जालन्यात एका मोबाइलच्या दुकानावर तो क्लास होता. सर बाहेरून आलेले, बूट चकाचक, बोलण्यात निम्मे शब्द इंग्रजी. पहिल्याच महिन्यात त्यांना माझा गुण सापडला. फळ्यावर लांबलचक गुणाकार-भागाकाराचं गणित असायचं, खाली चार पर्याय. बाकीची पोरं कच्च्या कागदावर झटायची. मी नुसतं बघायची. मोठे आकडे जवळच्या सोयीच्या आकड्यावर आणायचे, थोडं इकडचं तिकडे करायचं की उत्तर कुठल्या पर्यायाच्या आसपास पडतं ते दिसायचं. बागेचंच गणित होतं ते. सर मला उभं करायचे. "बघा, हिने पेनसुद्धा उचललं नाही. ही मुलगी नव्वदच्या वर जाणार," असं ते चाळीस जणांसमोर म्हणायचे. पुण्याच्या त्या कॉलेजाला नव्वदच्या वरच लागत होते, म्हणजे परीक्षा देणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना मागे टाकावं लागणार होतं.

सराव चाचण्यांत मी नेहमी वेळेआधी उठायची. सर सांगायचे, वेळ उरला तर मागे जाऊन तपासा. मी मान डोलवायची आणि तपासायची नाही. तपासून काय होणार होतं, पहिलाच अंदाज बरोबर निघायचा. तो का बरोबर निघायचा हे मात्र मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. क्लासचे प्रश्नसंच जुने होते. त्यांतले चार पर्याय एकमेकांपासून इतके लांब असायचे की आंधळ्यालाही जवळचा कोणता ते कळावं. सरांना हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. चाळीस जणांच्या बॅचला दाखवायला एक पोरगी मिळाली होती, ती त्यांनी दाखवली.

घरी अम्मीनं आठ महिने मला भांड्यांना हात लावू दिला नाही. तिच्या बोटांना पावसाळ्यात चिखल्या होतात, तरी घासायची. कुणी आलं तर सांगायची, तिचा पेपर आहे. मी फळांचे कॅरेट ठेवायच्या खोलीत बसून अभ्यास करायची. मृग बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाचा, माल सुरू झाला की त्या खोलीत दाराशी दोनच हात जागा उरायची, तिथे मी मांडी घालून बसायची. इंग्रजीचे उतारे वाचताना मला झोप यायची हे खरं आहे, पण मी तेही रेटत नेलं होतं.

परीक्षा जालन्यालाच एका कॉलेजात, संगणकावर होती. अब्बा मला मोटारसायकलवर घेऊन आले आणि गेटबाहेर लिंबाच्या सावलीत बसले. मी आत गेले. इंग्रजी बऱ्यापैकी झालं. मग गणित आलं आणि मी नेहमीसारखं बघायला लागले. पहिल्या प्रश्नाला माझ्या अंदाजानं उत्तर चारशे वीसच्या आसपास येत होतं. पर्याय होते चारशे बारा, चारशे सोळा, चारशे एकवीस आणि चारशे सव्वीस.

त्याच क्षणी मला थांबायला हवं होतं. पेन उचलून, कागद ओढून, शाळेतल्या पोरीसारखं गणित करायला हवं होतं. मी चारशे एकवीसवर टिचकी मारली. पुढच्या प्रश्नालाही पर्याय तसेच चिकटून होते. बागेत चार क्विंटल इकडे झाले काय, तिकडे झाले काय, कुणी विचारत नाही. इथे चाराचा फरक म्हणजे सरळ चूक होती. मला ते दिसत होतं, तरी हात त्याच चालीनं पुढे जात राहिला, कारण आठ महिने त्या चालीला टाळ्या मिळाल्या होत्या.

सगळे प्रश्न संपले तेव्हा पडद्यावर अकरा मिनिटं शिल्लक होती. मागे जायचं बटण समोर होतं. माझ्या दोन्ही बाजूंची पोरं भराभर मागे जाऊन उत्तरं बदलत होती, त्यांच्या माउसचा आवाज येत होता. अकरा मिनिटांत सात-आठ गणितं कागदावर सहज झाली असती. मी हात मांडीवर ठेवले आणि पडद्यावरून नजर काढून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. बोलला तो आकडा बोलला. मला खरंच असं वाटत होतं की त्या पोरांना काही येत नाही म्हणून ती मागे वळून बघताहेत, आणि मला येतं म्हणून मी बघत नाही. त्या भिंतीवर पंख्याच्या बटणांचा एक काळपट बोर्ड होता. त्यातलं तिसरं बटण तुटलेलं होतं, हे मला आजही आठवतं.

निकाल फोनवर आला. चौसष्ट.

अब्बांना पर्सेंटाइल म्हणजे काय हे समजावून सांगायला मला एक मिनिटही लागलं नाही. ते म्हणाले, "मंजे मार्केटच्या गेटवर शंभर गाड्या हायत, त्यात छत्तीस आपल्या पुढं." मी हो म्हणाले. आपल्या गाडीचा नंबर येईस्तोवर चांगलं गिऱ्हाइक निघून गेलेलं असतं, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर गेले. ते रागावले नाहीत याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

सरांना फोन केला. दोन दिवस त्यांनी उचलला नाही. मग निरोप आला: निराश होऊ नकोस, पाया पक्का आहे, परीक्षेचं तंत्र कमी पडलं, रिपीटर बॅच पुढच्या महिन्यात सुरू होत आहे, जुन्या विद्यार्थ्यांना सवलत. मी त्यांना पर्यायांबद्दल विचारलं. तुमच्या संचात पर्याय इतके लांब का होते? त्या निरोपाला दोन निळ्या खुणा पडल्या, उत्तर आलं नाही.

अम्मी "अल्लाह की मर्ज़ी" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत रात्रीची भांडी तशीच होती. ती नुसती बाजूला झाली. मी खाली बसले आणि घासायला सुरुवात केली. मला रडू आलं नाही, मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते ठरेना म्हणून मी कढई इतकी घासली की तिची काळी पाठ पांढरी झाली.

पोळ्याच्या सुमारास, आंबे बहाराच्या, म्हणजे पावसाळा सरताना तोडायच्या मोसंबीच्या, बागा बघायचे दिवस आले तेव्हा, अब्बा एकदा दुपारी माझ्याजवळ फोन घेऊन आले. केदारखेड्याच्या एका शेतकऱ्यानं बागेचा व्हिडिओ पाठवला होता. आता लांबच्या बागांचा पहिला अंदाज बरेच जण असाच घेतात. अब्बा म्हणाले, जरा बघ तर. मी बघितला. ओळ, झाड, सावलीची बाजू. म्हणाले, "अठरा टन." अब्बांनी लगेच त्या शेतकऱ्याला फोन लावला आणि त्यांच्या त्या भरदार आवाजात सांगितलं, "मामा, अठरा टन धरा." तिकडून मामा म्हणाले, "भाई, तुमची नजर लई पक्की. माझा बी अंदाज तेवढाच हाय." अब्बा हसले. म्हणाले, "तीस साल झाले मामा."

मला गंमत वाटली. मग असे व्हिडिओ रोजच यायला लागले. धावड्याहून आले, अंबडकडून आले. प्रत्येक वेळी अब्बा फोन माझ्याकडे द्यायचे, आणि प्रत्येक वेळी मी सांगितलेला आकडा त्यांच्या आवाजात बाहेर जायचा. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ते फोन आधी हातभर लांब धरतात, मग नाकाजवळ आणतात, आणि मगच माझ्याकडे देतात. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले हे ते अम्मीला विचारत होते. मी म्हटलं, डोळे दाखवून या. ते म्हणाले, काही झालं नाही, ऊन लागतं. बागवानाचे डोळे गेले अशी बातमी फुटली तर त्याला कुणी बाग दाखवत नाही, हे मलाही माहीत होतं. मी पुढचा व्हिडिओ उघडला.

महिन्याभरानं बाजार पडला. अब्बांनी केदारखेड्याला फोन लावला, तेव्हा मी शेजारीच बसले होते.

"मामा, फळगळ लई झाली म्हनतेत. अठरा न्हाई निघायचे. पंधरा धरा."

"भाई, अठरा तुम्हीच बोलल्ते न? जबान हाय का न्हाई?"

"बोलल्तो. पन बाजार मला जबान देऊन राह्यला का? न्हाई तर बाग ठेवा तुमची."

फळगळ झाली नव्हती. मी दोनच दिवसांपूर्वी नवा व्हिडिओ बघितला होता. पण पिकलेलं फळ झाडावर किती दिवस ठेवणार? मामा चिडले, विनवण्या केल्या आणि शेवटी सोळावर आले. तोड झाली, काट्यावर माल अठरा टनांच्या वर भरला, मामांना पैसे सोळाचेच मिळाले. माझा आकडा बरोबर होता आणि तो माझ्यासमोर खोटा पाडला होता. ज्या माणसानं माझी मान दोन बोटांनी सरळ केली होती तो बसल्या जागी मागे वळला होता, आणि आकाश कोसळलं नव्हतं. मला मामांचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त माझ्या अकरा मिनिटांचं वाटलं.

जानेवारीत परीक्षेचे फॉर्म सुटले. मी अब्बांसमोर जाऊन बसले आणि मराठीतच सुरुवात केली.

"अब्बा, सौदा फिरवायचाय."

"कोन्ता?"

"एकदाच परीक्षा द्यायचा."

"तो फिरत न्हाई. हातावर हात मारला."

"केदारखेड्याचा फिरला."

ते म्हणाले, "तिथं मामा बी कबूल झाले. दोघं कबूल झाले तर तो नवा सौदा होतो."

मी याचीच वाट बघत होते. म्हणाले, "मंग आपन दोघं कबूल होऊ. मी तयार हाय. क्लास नको, काही नको. घरी बसून करते. या बारीला कागदावर गनित करीन, मागं जाऊन बघीन."

आयुष्यात पहिल्यांदा मी अब्बांना सौद्यात अडवलं होतं. त्यांनी फोन उचलला, कुर्त्याच्या टोकानं त्याची काच पुसली, परत खाली ठेवला. ते आता दोनवर येतील, निदान एक बारी तरी देतील, असं मला वाटलं. मग ते उर्दूत बोलले, अगदी हळू, अम्मीला ऐकू जाऊ नये असं.

"तू गई तो आकडा कौन निकालता? मेरे कू दूसरी लाइन का झाड नहीं दिखता. तेरे नंबर कम आए ना, उस दिन मैं शुकर अदा किया. झूट काय को बोलूँ."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना बहुतेक माझा चेहराही नीट दिसत नसावा. चौसष्ट आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवलेला हात मला आठवला आणि तो झटकून टाकावासा वाटला, इतक्या महिन्यांनी. सर, प्रश्नसंच, पर्याय, माझी ऐट, या सगळ्यांना मी शिव्या घालून झाले होते. माझ्याच घरात, माझ्याच निकालावर कुणी देवाचे आभार मानले असतील हे माझ्या मनात आलं नव्हतं. आणि त्यांच्यावर ओरडावं तर समोर एक बाप होता, ज्याला दुसऱ्या ओळीचं झाड दिसत नव्हतं आणि ज्यानं हे जगात फक्त मला सांगितलं होतं. त्यांनी मला बांधलं आणि बांधायला खरं कारण दिलं. खोटं दिलं असतं तर मी भांडून निघून गेले असते.

तेवढ्यात फोन वाजला. मृगाच्या एका बागेचा व्हिडिओ आला होता. अब्बांनी तो उघडला नाही. नुसता फोन माझ्याकडे सरकवला आणि माझ्या बोलण्याची वाट बघत मान खाली घालून बसले. आकडा चुकीचा सांगायचा, दोन-चार टन जास्त सांगायचा, मग कळेल, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी व्हिडिओ पूर्ण बघितला. मग परत मागे नेऊन पुन्हा एकदा बघितला, आणि आकडा सांगितला. तो मी बरोबर सांगितला, याचा मला अजून राग येतो.